टबाची जाळी

मावशीला पायांची किळस यायची, आणि पायांवरच तिचं पोट होतं. भेगा पडून काळ्या झालेल्या टाचा, अंगठ्याच्या नखाखाली साचलेला पिवळट चुरा, बोटांच्या बेचक्यात भिजून पांढरी पडलेली कातडी आणि बुटांतून नुकत्याच सुटलेल्या पावलांचा तो आंबट वास, हे सगळं ती हसतमुखाने मांडीवर घ्यायची. 'किती छान ठेवलेत हो पाय' असंही वर म्हणायची. बाई दाराबाहेर पडली की मात्र मागच्या नळाखाली कोपरापर्यंत हात घासत बसायची. घासताना मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची. ती काही नाव घ्यायची जागा नव्हे हे तिला कळत होतं, पण त्याशिवाय मन निवळत नसे.

गल्लीतल्या पोरींनी तिचं नाव फिनाईल मावशी पाडलं होतं. ते तिच्या कानावर होतं आणि तिला त्याचा मनातून अभिमानच वाटायचा. तिच्या पार्लरच्या पुढच्या खोलीत आरसे, भुवया आणि केस. ते काम बघायला एक पगारी बाई होती, तिला सगळे केसवाली म्हणत. मागच्या खोलीत मावशीची पायांची खुर्ची. ही खुर्ची म्हणजे पार्लरचं वैभव. बसणारीची पाठ चोळायची, आणि खाली जोडलेल्या गुलाबी टबात गरम पाणी गरगर घुसळायची. दर बाईनंतर मावशी पाणी सोडून द्यायची, औषध टाकून टब ब्रशने घासायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि वाकून त्यात आपलं तोंड दिसतंय का ते बघायची. नव्या गिऱ्हाइकाला ती ठरलेलं एक वाक्य ऐकवायची, "यात जेवायला वाढलं तरी चालेल." केसवाली पाठमोरी होऊन हसायची.

घर पार्लरच्या मागेच, दोन खोल्यांचं. तिथे मावशी आणि तिची भाची राहायच्या. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. आई गेली तेव्हा पोर शाळेत होती. बापाने दुसरं लग्न केलं, दुसऱ्या गावी बिऱ्हाड थाटलं आणि नव्या घरात हिची अडचण व्हायला लागली, तेव्हा मावशीने तिला आणलं. हातापायांच्या काड्या म्हणून लहानपणापासून तिला काडी म्हणत. शाळा संपल्यावर ती मावशीच्याच हाताखाली काम शिकायला लागली. हात हलका होता तिचा. मावशी तोंडावर कधी कौतुक करायची नाही, पण रोज संध्याकाळी शेवटची बाई गेली की म्हणायची, "दिवसभर उभी असतेस. बस जरा पाय सोडून." मग काडी खुर्चीत बसायची, टबात पाणी घुसळायचं, आणि मावशी शेजारच्या स्टुलावर बसून दिवसभराच्या बायकांच्या नकला करायची. घरात दोघींची करमणूक ती एवढीच.

आणखी एक शिस्त मावशीने लावली होती. पार्लरमधल्या पोरीचे पाय गुळगुळीत हवेत. केसाळ पायांची पोर बघितली तर बाई आपले पाय का पुढे करील? म्हणून काडी एक दिवसाआड नडग्यांवरून ब्लेड फिरवायची.

पहिला फोड आला तेव्हा तो डास चावल्यासारखा होता. मग लाल झाला, मग जांभळा, मग मऊ पडून त्याचं तोंड उघडलं. त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा, आणि बघता बघता दोन्ही नडग्या घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत भरून गेल्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच मान वाकवून बघितलं आणि गोळ्या लिहिल्या. फोड थोडे सुकले आणि परत आले. डॉक्टरांनी आणखी जोराच्या गोळ्या लिहिल्या, वर मलम दिलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी गोळी बदलली आणि पोरगी नीट घेत नसेल असं मावशीला सांगितलं. एवढं मात्र खरं, की त्याच वेळी ते असंही पुटपुटले होते की एकदा पू तपासायला पाठवू या.

मावशीने ते साफ धुडकावलं. लॅब पलीकडच्याच गल्लीत, आणि तिथे काम करणाऱ्या दोघी भुवया करायला हिच्याकडेच यायच्या. पोरीच्या पायातला पू बाटलीत भरून, वर घराचा पत्ता चिकटवून गावभर फिरवायचा? तपासणी ज्याच्या घरात घाण असते त्याची करायची, असं तिचं मत होतं. आपल्या घरात घाण कुठून येणार?

पण घाण तर आली होती. चादरीवर पिवळे डाग पडायचे, त्यांच्याभोवती हिरवट कड धरायची. पट्टी सोडली की खोलीत गोडसर, कुजका वास भरायचा आणि खिडकी उघडली तरी तो पडद्यात बसून राहायचा. एका सकाळी मावशी अनवाणी मोरीकडे निघाली आणि टाचेला काहीतरी चिकटलं. उचलून बघते तर खपली. वरून तपकिरी, खालून ओली. त्या दिवशी तिला चहासुद्धा गेला नाही.

त्यानंतर मावशीने पोरीचं सगळं वेगळं केलं. बादली वेगळी, स्टूल वेगळं, ताट-वाटी वेगळी. दात घासायचा ब्रश मावशीच्या पेल्यातून निघाला आणि खिडकीत जाऊन पडला. खुंटीवर मावशीचा पांढरा टॉवेल, आणि लांब कोपऱ्यातल्या खिळ्यावर काडीचा हिरवा. चुकून अदलाबदल व्हायला नको म्हणून त्याच्या टोकाला गाठ मारलेली. पायांच्या खुर्चीत बसणं अर्थातच बंद झालं, आणि त्याबरोबर संध्याकाळच्या नकलाही. काडीने घरातल्या कशाला हात लावला की मावशी शांतपणे म्हणायची, "घेतलंस तर धुऊन टाक." आवाज चढवायची नाही. मावशीचा आवाज कधीच चढत नसे. काडी धुऊन टाकायची.

एक दिवस बँकेच्या बाई आल्या. या मावशीच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. खुर्चीत न बसता त्यांनी मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं, विजार वर केली आणि नडगी दाखवली. तिथे जांभळा, मऊ, तोंड धरलेला फोड होता.

मावशीने वाकून बघितलं. तो फोड ती डोळे मिटूनही ओळखू शकली असती. बाईंनी काही विचारायच्या आत ती खालच्या आवाजात बोलून गेली, "तुम्हाला म्हणून सांगते. घरात भाची आहे ना, तिला झालंय. सांगून ऐकत नाही, स्वच्छता म्हणून नाही. मी तिला बापाकडे पाठवतेच आहे."

बाई गेल्या. मावशी वळली, तर घराकडच्या दारात काडी धुतलेल्या टॉवेलांची चळत धरून उभी होती. तिने ती चळत कपाटात नेहमीसारखी कडेला कड लावून ठेवली आणि आत निघून गेली. मावशीला वाटलं, ऐकलं नसावं. मग वाटलं, ऐकलं तर ऐकलं. कधीतरी सांगायचंच होतं.

त्याच दिवशी तिने मेहुण्यांना, म्हणजे काडीच्या बापाला, फोन लावला. ते बराच वेळ हं हं करत राहिले. शेवटी म्हणाले की घरात तान्हं मूल आहे, पोरीला बरी करून पाठवा, निदान हे दुसऱ्याला लागत नाही असा डॉक्टरचा कागद तरी बरोबर द्या. मावशीला हसावं की रडावं कळेना. ही नको म्हणून बाप सुटला, आता आपल्यालाही ही नको, आणि दोघांच्या मधे एक कागद. मग तो कागद मिळवायचा म्हणून ती काडीला घेऊन मोठ्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. पोर बरी व्हावी म्हणून नव्हे. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण देवाला ते ठाऊकच होतं.

डॉक्टर वयाने लहानच होती, सर्दीने नाक लाल झालेली. तिने काडीला उंच बाकावर बसवलं, स्वतः खाली स्टुलावर बसली आणि हातमोजे घालून तिचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. मावशी अवघडली. पाय मांडीवर घेणं हे तिचं काम. पण असा पाय तिने कधी घेतला नसता. डॉक्टरने फोडाची कड दाबली. पातळ, राखाडी पू वर आला आणि पोटरीवरून ओघळायच्या आत डॉक्टरने तो टिपून बाटलीत घेतला. मावशीने तोंड फिरवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पाठवायलाच हवं का?" तिने विचारलं. "आमचं घर तसं नाही हो. पार्लर आहे माझं. लोक काय म्हणतील?"

"मी सगळ्यांचाच पाठवते," डॉक्टर बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "काल एका न्यायाधीशांचा पाठवला. फोड बघून जंतू ओळखता येत नाही, मावशी. डोळ्यांना सगळे फोड सारखेच. आतापर्यंत तीनदा औषध बदललं ना? अंधारात दगड मारले नुसते. लागला तर लागला."

मग तिने घरात आणखी कुणाला असे फोड आहेत का ते विचारलं. मावशी घाईने नाही म्हणाली.

"मावशीच्या एका गिऱ्हाइकाला आहेत," काडी म्हणाली. एवढ्या दिवसांत ती आपणहून पहिल्यांदा बोलली होती. "पायांवरच."

"तुझ्यामुळे," मावशी म्हणाली.

"मी त्यांना कधी हातसुद्धा लावलेला नाही. त्यांचं सगळं तूच करतेस."

डॉक्टरने मान वर करून आधी काडीकडे आणि मग मावशीकडे बघितलं. कागदावर काहीतरी वाढवून लिहिलं आणि लॅबला फोन करून सांगितलं की हा नमुना लवकर टाकून देऊ नका, नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवा.

पहिला निरोप आला तो असा, की पुवात काहीच वाढलं नाही. मावशीला सुटल्यासारखं झालं. काही नाही म्हणजे काही नाही. आता तोच कागद मेहुण्यांना दाखवायचा. तिने कपाटावरची पिशवी काढली. काडीचे कपडे स्वतःच्या हाताने, पण प्लास्टिकचे मोजे घालून, घडी करून भरले. काडी आपल्या वेगळ्या स्टुलावर बसून ते बघत होती. खिडकीतला ब्रश मात्र तिने स्वतः उठून पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरचा फोन आला. म्हणाली की उशिरा का होईना, जंतू वाढला. नेहमीच्या फोडांचा नव्हे हा, नेहमीच्या गोळ्यांना तो दादच देत नाही. हा पाण्यात राहतो. माणसाकडून माणसाला लागत नाही. साचलेल्या पाण्यातून, घाणीतून येतो आणि ब्लेड फिरवलेल्या कातडीतून आत शिरतो. "तुमच्याकडे पाय बुडवायचं काही आहे?"

"आहे. पण आमच्या टबात जेवायला वाढलं तरी चालेल."

"जेवू नका," डॉक्टर म्हणाली आणि शिंकली. "टबातलं पाणी घुसळतं ना? म्हणजे कुठून तरी ओढलं जातं. तिथे जाळी असेल. ती उघडा, आत जे असेल त्यातलं थोडं बाटलीत घालून मला आणून द्या. हातमोजे घाला. आणि तोवर कुणाचाही पाय त्यात बुडवू नका."

मावशीने फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत जाऊन आधी शटर ओढून घेतलं. केसवाली जेवायला घरी गेली होती. टबापाशी येऊन ती वाकली. टब चकचकत होता, त्यात तिचं तोंड दिसत होतं. टबाच्या कडेला, खालच्या अंगाला, बशीएवढी एक पांढरी जाळी होती. तिच्यावरून तिने ब्रश हजारदा फिरवला असेल. ती निघते, तिला मागची बाजू आहे, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. जे दिसतं ते घासायचं, हा तिचा धर्म.

स्क्रू घट्ट बसले होते. पेचकस दोनदा निसटला. तिसरा स्क्रू सुटला तशी जाळी एका बाजूने कलली, आणि आधी आला तो वास. काडीच्या पट्ट्यांचा तोच गोडसर, कुजका वास, पण शंभरपट. जाळीमागे केसांचा एक बोळा बसला होता, मुठीएवढा, ओला, काळा-करडा. त्यात दळलेल्या पिठासारखी मऊ राखाडी लिबलिब, आणि ती म्हणजे टाचांची खरवडलेली कातडी होती. मावशीचीच रोजची कमाई, तिला ओळखू नाही आली तर कुणाला येणार? त्यात नखांच्या चंद्रकोरी रुतल्या होत्या. कुणाच्या तरी बोटावरची चिकटपट्टी होती. बोळा बोटाने ओढला तर तो तुटला नाही, लांबत आला. त्याच्यामागे नळीतून शेंबडासारखी एक तार आली आणि टबाच्या गुलाबी तळावर पडून हळूहळू पसरली.

मावशीला जोरात उमासा आला. ती कशीबशी उठून मोरीपर्यंत पोचली. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं, मग नुसतंच कडू पाणी.

इतकी वर्षं या पाण्यात बायका विश्वासाने पाय सोडून बसल्या होत्या. डोळे मिटून, मान मागे टाकून. गेल्या काही महिन्यांत येईनाशा झालेल्या एकेकीची आठवण तिला आता झाली. त्या दिवसांत तिने चौकातल्या नव्या पार्लरला शिव्या घातल्या होत्या. आणि रोज संध्याकाळी, सगळ्यांच्या शेवटी, दिवसभराची घाण घुसळून झालेल्या टबात तिने स्वतः म्हटलं होतं, बस जरा पाय सोडून. ब्लेड फिरव म्हणूनही तीच म्हणाली होती.

ती परत आली तेव्हा काडी टबापाशी उकिडवी बसली होती, नाकाला ओढणी लावून. तिने बाटली पुढे धरली. मावशीने पेडिक्युअरच्या सळीने तो लगदा आत ढकलला. थोडा बाटलीच्या काठावरून तिच्या मनगटावर सांडला. मोजे तिथवर पोचत नव्हते.

"झाकण लाव," मावशी म्हणाली.

मग नळ. तिने हात घासले, परत घासले, कोपरापर्यंत घासले. देवाचं नाव ओठावर आलं आणि तिथेच अडलं. किळस त्यानेच दिली आहे माणसाला, माणूस जपावा म्हणून. आणि आपण ती नेऊन कुठे घातली? एका पोरीच्या ताट-वाटीवर, तिच्या टॉवेलावर. जिथे खरी घाण होती तिथे तर आपण फडक्याने चमक आणत होतो.

निथळते हात अंगापासून लांब धरून ती वळली. समोर खुंटीवर पांढरा टॉवेल होता. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. या हातांनी तो धरवेना. कोपऱ्यातल्या खिळ्याकडे तिची नजर गेली.

"तो माझा आहे," काडी म्हणाली.

मावशी तशीच उभी राहिली. बोटांवरून पाणी फरशीवर टपटपत होतं. पोर तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग होता की कीव, मावशीला समजेना. आईवर गेली होती. तिची आईही अशीच बघायची.

मग काडीने उठून गाठीचा हिरवा टॉवेल खिळ्यावरून काढला आणि तिच्यापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "पण घेतलास तर धुऊन टाक."

मावशीने हात पुसले. रडू आलं ते तिने त्याच टॉवेलात दाबलं, आणि त्याचा वास आला तो साध्या साबणाचा, रोज धुतलेल्या कपड्याचा. पोर रोज धूत होती तो.

थोड्या वेळाने ती फोन घेऊन पायांच्या खुर्चीच्या हातावर टेकली. काडीने विचारलं की टबाचा रिपोर्ट येईपर्यंत थांबणार नाहीस का. मावशी म्हणाली की जंतू कुठला ते लॅब सांगेल, पण मी काय बोलले होते ते मला ठाऊक आहे, त्याला तपासणी लागत नाही. आणि तिने बँकेच्या बाईंना फोन लावला.

"मी बोलतेय. त्या दिवशी तुम्हाला भाचीचं सांगितलं ना, ते खोटं होतं," ती म्हणाली. "तिच्यामुळे नाही झालं. तिलाही माझ्याच टबातून झालं, आणि तुम्हालाही तिथूनच झालं असावं." पलीकडून बाई बराच वेळ बोलत राहिल्या. मावशीचा चेहरा उतरत गेला, पण तिने मधे तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणा, तुमचा हक्क आहे. फक्त एक ऐका. कुणी नुसतं बघून गोळ्या दिल्या तर घेऊ नका. आधी पू तपासायला द्या. लाजू नका, माझ्यासारखं करू नका. डॉक्टरचा पत्ता सांगते."

त्यानंतर तिने दुसरा नंबर लावला, एका येईनाशा झालेल्या बाईंचा. मग तिसरा, मग चौथा. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य तेच, आणि प्रत्येक वेळी ते म्हणायला तितकंच जड. काहींनी फोन आपटला. एक जण रडायलाच लागली. तिच्या पायांवर तशा फोडांचे काळे डाग राहिले होते आणि नवऱ्याने तिला रक्तातच दोष आहे म्हणून ऐकवलं होतं. पार्लर उद्या उघडेल की नाही हे मावशीला माहीत नव्हतं. टबात तो बोळा तसाच पडला होता, त्याच्यावर दुपारच्या माशा येऊन बसायला लागल्या होत्या.

काडी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या पायांनाही डाग राहणार होते, नवीन गोळ्या कित्येक महिने घ्यायच्या होत्या. पहिल्याच फोडाला पू पाठवला असता तर इतकं पसरलं नसतं, हे डॉक्टरने सांगायची आता गरज नव्हती.

शेवटचा फोन झाल्यावर ती आत गेली. पलंगावर भरलेली पिशवी होती. कपड्यांना तिने हात लावला नाही. बाजूच्या कप्प्यातून दात घासायचा ब्रश तेवढा काढला, मोरीवरच्या पेल्यात नेऊन ठेवला. मावशीच्या ब्रशपासून जरा लांब, पेल्याच्या दुसऱ्या कडेला टेकून.